सतरा नंबरची मिशी

स्पर्धा रविवारी, एक मार्चला होती. त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला सुदर्शनला कळले, की ज्या दाढीवर तो एकाहत्तर दिवस काम करत होता ती शनिवारी सकाळी निघणार आहे.

सुदर्शनचे टीव्ही सेंटरजवळ दोन खुर्च्यांचे सलून आहे. दाढी आणि मिशीला आकार देण्यासाठी तो ओळखला जातो. त्यासाठी शहराच्या दोन्ही टोकांवरून, हर्सूलपासून बीड बायपासपर्यंतची पोरे येतात. येतात आणि खुर्चीत बसायच्या आधी मोबाइल पुढे करतात. पडद्यावर कुठल्या तरी नटाचा नाहीतर क्रिकेटपटूचा चेहरा असतो. "भाऊ, सेम असंच." ज्याच्या गालावर धड केस नाहीत तोही हेच म्हणतो. सुदर्शन सुरुवातीला समजावायचा की केस ज्या दिशेने उगवतात त्या दिशेने दाढी चालते, फोटोच्या दिशेने नाही. आता समजावत नाही. फोटो बघतो, जमेल तेवढे करतो आणि पुढच्याला बोलावतो. सतरा वर्षांच्या धंद्यात त्याने हजारो दाढ्या केल्या, पण स्वतः ठरवलेली एकही नाही.

सलून चालवणाऱ्यांच्या संघटनेची जिल्हा स्पर्धा ही त्यासाठी एकच जागा होती. तिथे आकार कारागीर ठरवतो आणि परीक्षक हातात कंगवा घेऊन जवळून बघतात. मागच्या दोन वर्षांत सुदर्शन मंचापर्यंत पोचलाच नव्हता. एका वर्षी मॉडेल औषधाच्या कंपनीत लागला आणि कंपनीने त्याला गुळगुळीत करून आत घेतले. दुसऱ्या वर्षी मॉडेलने मैत्रिणीच्या सांगण्यावरून आदल्या रात्री स्वतःच ट्रिमर फिरवला. यंदा तिसरी वेळ होती आणि शेवटची. स्पर्धेला वय चाळीसच्या आत लागते. सुदर्शनला मे महिन्यात चाळीस पूर्ण होणार होती.

यंदाचा मॉडेल ऋतुराज. वय तेवीस, गाव गंगापूर तालुक्यातले, नोकरी शहरात पैठण गेटला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. त्याच्या डाव्या जबड्याखाली दाढीत एक भोवरा होता, तिथले केस वर आणि मागे वळत. आजवर प्रत्येक न्हाव्याने तो भोवरा कापून टाकला होता. सुदर्शनने ठरवले, भोवरा ठेवायचा आणि दाढीची रेघ तिथूनच काढायची. डावी बाजू उजवीपेक्षा चार मिलिमीटर लांब राखली, की दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्या दिसत होत्या. हे शोधायला त्याला पाच आठवडे लागले. दर पंधरा दिवसांनी फोटो संघटनेकडे जात होते, म्हणजे आता मॉडेल बदलता येणार नव्हता.

शेवटच्या आठ दिवसांत ऋतुराजने दोन बैठका चुकवल्या होत्या. एकदा ताप आला म्हणाला, एकदा काउंटरवर गर्दी आहे म्हणाला. गुरुवारी तो आला, पण खुर्चीत बसला नाही. दारातच उभा राहिला.

"बस," सुदर्शन म्हणाला.

"बसता नाही येत, दादा. सुतक आहे."

"कुणाचं?"

"मोठे काका वारले. बन्सीअण्णा. मागच्या गुरुवारी."

सुदर्शनने हातातला कंगवा खाली ठेवला. "सख्खा चुलता वारला आणि तू मला ताप सांगतो?"

"मला वाटलं दहाव्याला सुट्टी नाही मिळाली सांगून टाळता येईल. आमचं त्यांच्याकडं जाणंयेणं पण नव्हतं. अकरा वर्षं बोलणं बंद होतं बापूचं आणि त्यांचं. पण आज बापूचा फोन आला. शनिवारी कायगावला ये म्हणले. डोकं-दाढी करावी लागंल."

"मग तू काय म्हणला?"

"हो म्हणलो."

"वा," सुदर्शन म्हणाला. दुसऱ्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने आरशातून दोघांकडे पाहिले आणि नजर मोबाइलमध्ये घातली.

शुक्रवारी सुदर्शनने सलून बंद ठेवले. त्या दिवशी आठ दिवसांनी नळाला पाणी येणार होते आणि सलूनचे दोन ड्रम भरायचे होते. ते काम बायकोवर, सरितावर, टाकून तो गंगापूरच्या जीपमध्ये बसला. सरिता एवढेच म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या घरी दाढी मागायला चाललात. जपून बोला."

ऋतुराजचे वडील बद्रीनाथ गोठ्यापाशी उसाच्या वाढ्यांचा भारा सोडत होते. आठ दिवसांची पांढरी खुटं गालांवर, अंगात बनियन. सुदर्शनने सगळे नीट सांगितले. स्पर्धा, एकाहत्तर दिवस, भोवरा, वयाची अट. बद्रीनाथनी मध्ये एकदाही तोडले नाही.

"म्हंजे दाढी तुमची हाय," ते शेवटी म्हणाले.

"तसं नाही, काका."

"तसंच म्हणलात तुम्ही. पोरगं माझं, दाढी तुमची." ते हसले नाहीत. "हे बघा कारागीर. बन्सीदादाच्या पोरीचं लगीन झालं, पत्रिकेत बावन्न नावं होती. माझं नव्हतं. त्या दिवसापासून म्या त्याच्या दारात गेलो नाय. तो बी आला नाय. आता गेला तो. उद्या भावकीतले चौदा जण डोकं करायला बसतील. माझं पोरगं तेवढं दाढी कुरवाळीत उभं राह्यलं, तर लोक काय म्हणतील? बद्रीनाथनं मेल्यावर बी धरून ठिवलं."

"लोकांना मी सांगतो."

"काय सांगता? बक्षीस हाय म्हणून?"

 सुदर्शन उठला, तेव्हा बद्रीनाथ भाऱ्याची दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "मिशी ऱ्हाईल पण. डोकं आन् दाढी जाईल. मिशीला हात लावायचा नाय, बाप जित्ता हाय त्याचा."

हे सुदर्शनला माहीत नव्हते असे नाही. त्याच्या घरात चार पिढ्या हेच काम झाले होते. दहाव्याला वस्तरा ओठावर नेण्याआधी न्हावी एकच प्रश्न विचारतो, 'वडील हायेत का?' पण दाढीच्या नादात हे त्याच्या डोक्यातून गेले होते. परतीच्या जीपमध्ये त्याने स्पर्धेचा कागद काढला. दाढी-मिशी एकत्र, फक्त दाढी, फक्त मिशी, असे तीन गट होते. गट बदलायची मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत. फोटोंत मिशी होतीच. तासलेल्या डोक्याखाली आणि कोऱ्या गालांमध्ये एकटी मिशी. त्याने डोळे मिटून ती पाहिली. वाईट नव्हती. पण दाढी आणि मिशी जिथे भेटतात ती रेघ स्वतःलाच काढावी लागणार होती. गावचा न्हावी चौदा डोकी ओढताना अर्धा सेंटिमीटर इकडे गेला तरी संपले.

शनिवारी सकाळी सातला तो कायगावला गोदावरीच्या घाटावर होता, बॅगेत स्वतःची हत्यारे घेऊन. गावची दोन पिकअप आणि एक जीप पावणेआठला आली. त्यातून भावकी उतरली, भटजी उतरले आणि सर्वांत शेवटी गावचा न्हावी फकिरा उतरला. सत्तरीचा माणूस, पायात प्लास्टिकची चप्पल, बगलेत रेक्झिनची पिशवी. सुदर्शनने पाया पडून आपले घराणे आणि गाव सांगितले. दोन मिनिटांत नाते निघाले, लांबचे पण निघाले.

"मामा, एक काम होतं. तो ऋतुराज मी करतो."

फकिराने पिशवीतून दगडी काढली आणि वस्तरा तिच्यावर फिरवायला लागला. "कामून?"

सुदर्शनने पुन्हा सगळे सांगितले. या वेळी लवकर संपले.

"हे घर माझं हाय," फकिरा म्हणाला. "माझ्या बापानं ह्यांच्या आज्याचं डोकं केलं. तू शिकलेला, तुझं शहरात दुकान. तुझ्या खुर्चीत येऊन म्या कैची घातली तर चालंल का?"

"नाही चालणार."

"मग?"

सुदर्शनने बॅग पायरीवर ठेवली. दुसऱ्याच्या घरात वस्तरा काढायचा नाही, हे त्याला बापाने मारून शिकवले होते. घाटाच्या पायऱ्यांवर माणसे डोकी भिजवून रांगेत बसू लागली होती. फकिराने पहिल्याचे, बन्सीअण्णांच्या थोरल्या मुलाचे म्हणजे इंद्रजीतचे, डोके हातात घेतले. तीन डोकी झाल्यावर त्याने वस्तरा खाली ठेवून बोटे झटकली.

"हिकडं ये," तो म्हणाला. "अंगठ्यात कळ येती. मधले सात जण तू कर. माझ्या हिशोबात. मग तुझा तो राजा कर."

सुदर्शनने सात डोकी केली. प्रत्येकाला ओठापाशी थांबून विचारले, "वडील?" चौघे म्हणाले, नाहीत. त्यांच्या मिशा काढल्या. तिघे म्हणाले, हायेत. त्यांच्या ठेवल्या. त्यातला एक म्हणाला, "हायेत, पर उपेग नाय," आणि रांगेत हशा झाला. बद्रीनाथ फकिरासमोर बसले होते. त्यांचे डोके आणि मिशी दोन्ही गेले.

ऋतुराज शेवटी बसला. सुदर्शनने डोके सात मिनिटांत संपवले. दाढीला त्याने बावीस मिनिटे घेतली. आधी कैचीने उतरवली, मग ट्रिमर, मग वस्तरा. भोवऱ्यापाशी केस वर उगवत असल्याने वस्तरा खालून वर न्यावा लागला. पाच आठवड्यांची मोजणी सहा-सात झटक्यांत गेली. केस पाण्यात पडले आणि पायरीच्या कडेला निर्माल्यात अडकून राहिले.

"वाईट वाटतं का, दादा?" ऋतुराज म्हणाला.

"बोलू नको. ओठ हलतो."

मिशीखालची रेघ त्याने नव्या ब्लेडने काढली. टोके ओठाच्या कोपऱ्याबाहेर दोन मिलिमीटर ठेवली आणि किंचित वर उचलली. मग पाच पायऱ्या खाली जाऊन त्याने वर पाहिले. सकाळचे ऊन उजवीकडून येत होते. तुळतुळीत डोके, कोरे गाल आणि मध्ये ती काळी, एका श्वासात काढल्यासारखी मिशी. दाढी असताना ती कुणाच्या लक्षातही आली नव्हती. सुदर्शनच्याही नाही.

फकिरा जवळ येऊन वाकून बघून गेला. "बेस," म्हणाला. "इंग्रजाच्या टायमाचा हवालदार दिसतो."

नऊ चाळीसला सुदर्शनने फोटो पाठवला आणि संघटनेच्या माणसाला फोन लावला. गट बदलून 'फक्त मिशी' करून घेतला. दहा मिनिटांत मेसेज आला. नोंद झाली, क्रमांक सतरा, उद्या सकाळी दहाला मॉडेलसह हजर राहावे. सुदर्शनने तो मेसेज दोनदा वाचला. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

सव्वादहाला भटजींनी पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून बसले. कावळे होते. समोरच्या बाभळीवर सहा-सात होते, पुलाच्या कठड्यावर आणखी काही. एकही खाली येत नव्हता.

इंद्रजीत हात जोडून म्हणाला, "अण्णा, आईला सांभाळू आम्ही." कावळा आला नाही. धाकट्याने विहिरीचे काम पूर्ण करू म्हणून सांगितले. मुलीने रडत काही सांगितले, ते कुणाला नीट ऐकू गेले नाही. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. ऊन चढले आणि तासलेली डोकी चमकायला लागली. सगळे हळू आवाजात बोलायला लागले, आणि सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे जात होत्या.

"बद्रीनाथ," भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "तू बोल बाबा. तुझ्यापाशीच अडलंय त्याचं."

बद्रीनाथ उठले. पिंडापाशी जाऊन उभे राहिले. 

"दादा," ते म्हणाले, "पत्रिकेचं सोडलं म्या." बाभळीवरचा एक कावळा उडाला आणि पुलावर जाऊन बसला. बद्रीनाथनी ऋतुराजकडे वळून पाहिले. "ह्या पोराला शाळेत तूच घातलं. मास्तरनं जन्मतारीख इचारली तर मला आठवंना, तूच सांगितली. तुझंच पोरगं समज. बापाची काढतेत तशी तुझ्या नावानं ह्याची मिशी काढतो."

भटजींनी मान वर केली.

"आरं, तू जित्ता हायेस," म्हातारा म्हणाला.

"दिसतंय मला."

सुदर्शन उभा राहिला होता. "काका, काल तुम्ही म्हणालात मिशीला हात लावायचा नाही. नोंद झाली तिची. उद्या दहाला…"

"काल म्हणलो, व्हय. काल कावळ्याचं ठाव नव्हतं." त्यांनी फकिराकडे पाहिले. "फकिरा, घे."

फकिराने अंघोळ उरकली होती. पिशवीला गाठ मारून तो ओल्या धोतराने पायरीवर बसला होता. तो उठला नाही. "माझं आवरलं," तो म्हणाला. "धुतलेलं हत्यार म्या पुन्हा काढीत नाय. ह्यानं अजून अंघोळ केली नाय, ह्याला सांगा." मग सुदर्शनकडे न बघता म्हणाला, "तुझंच गिऱ्हाईक हाय. सकाळी मागितलं व्हतं ना."

सगळे थांबले होते. चौदा तासलेली डोकी, पिकअपमधून आलेल्या बाया, भटजी. ऋतुराज पायरीवर येऊन बसला आणि त्याने तोंड वर केले.

"तू तरी बोल काही," सुदर्शन खालच्या आवाजात म्हणाला.

"काय बोलू, दादा? सगळे बघतायत."

सुदर्शनने बॅग उघडली. ब्लेड बदलण्याची गरज नव्हती, तरी त्याने बदलले. ओठ ओला केला, वरून अंगठ्याने ताणला आणि नाकाखालच्या खळीपासून डावीकडे सुरुवात केली. तीन झटके. कोपऱ्याबाहेर राखलेले दोन मिलिमीटर चौथ्या झटक्यात गेले. त्याने ब्लेड पुसले आणि उजव्या बाजूसाठी अंगठा हलवला. तेवढ्यात मागे पंखांचा आवाज झाला.

"शिवला!" दहा-बारा जण एकदम म्हणाले.

सुदर्शनने वळून पाहिले. कावळा भाताचा घास घेऊन बाभळीकडे निघाला होता. इंद्रजीत डोळे पुसत होता. बाया उठल्या, माणसे चपला शोधायला लागली, भटजी घड्याळ बघून पुढचे सांगायला लागले. दोन मिनिटांत सगळी भावकी अंघोळीला पाण्याकडे उतरली. बद्रीनाथही उतरले. पायरीवर सुदर्शन आणि ऋतुराज राहिले. ऋतुराजच्या चेहऱ्यावर नाकाच्या उजवीकडे पूर्ण मिशी होती आणि डावीकडे काही नव्हते.

"आला ना कावळा," ऋतुराज म्हणाला. "आता राहू द्यायची का?"

"कुठली?"

"उरलेली."

सुदर्शनने ओठ पुन्हा ओला केला. मग त्याने ओठ ताणला आणि उरलेली काढली. घाई केली नाही. उजव्या बाजूलाही चारच झटके लागले. तुरटी फिरवली, बोटाने उलट्या दिशेने खुंट राहिले का ते तपासले. एकही नव्हते.

बद्रीनाथ अंघोळ करून आले. त्यांनी मुलाची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला, एका बाजूने बघितले, दुसऱ्या बाजूने बघितले. कुठल्याही परीक्षकाने केले असते तसेच.

"कुठं कापलं नाय," ते म्हणाले. "हात लई चांगला हाय तुझा." आता ते अरे-तुरेवर आले होते. "पुढच्या साली ये. वाढवून देतो ह्याची. म्या सांगतो त्याला."

"पुढच्या साली मला बसू देणार नाहीत, काका. सांगितलं होतं काल."

"कामून देणार नाहीत? म्या येतो बोलायला."

सुदर्शन पाण्याकडे उतरला. अंघोळ करून, हत्यारे धुऊन तो वर आला, तेव्हा पावणेबारा झाले होते. पिकअपच्या मागे स्टोव्हवर चहा चालू होता. कुणीतरी त्याच्या हातात कागदी कप दिला. समोर जीपच्या पायरीवर बद्रीनाथ आणि इंद्रजीत एकमेकांना टेकून बसले होते आणि एकाच बशीतले बिस्किट खात होते. सुदर्शनने संघटनेच्या माणसाला फोन लावला.

"सतरा नंबर रद्द करा," तो म्हणाला.

"अहो, आताच तर नोंदवला. फोटो बघितला मी. काय मिशी आहे, साहेब. परीक्षकांना पण दाखवला, ते म्हणाले ही लाइन हातानं काढली का स्टेन्सिलनं?"

"हातानं."

"मग रद्द कशाला?"

"काढावी लागली. दशक्रियेत."

"अरेरे. मॉडेलचे वडील गेले का?"

सुदर्शनने समोर पाहिले. बद्रीनाथनी बिस्किट चहात बुडवले होते. त्याचा तुकडा आत पडला, म्हणून ते बोटाने तो काढत होते.

"नाही," सुदर्शन म्हणाला. "समोर बसलेत. चहा पितायत."

"मग मिशी काढली कशाला?"

सुदर्शनने सांगायला तोंड उघडले. पत्रिकेपासून सुरुवात करावी लागली असती, बावन्न नावांपासून. शेवटचा कावळा अजून बाभळीवरच होता, चोच फांदीला पुसत.

"रद्द लिहा," तो म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.